उत्कृष्ट झोपेचं बक्षीस

आमच्या भाऊजींना उत्कृष्ट झोपेचं बक्षीस मिळालं, तेव्हा ते स्टेजवर उभ्या उभ्या पेंगत होते. स्टेज म्हणजे काय, डेपोच्या कँटीनमधली दोन टेबलं बाजूला सरकवून केलेली जागा. मोठ्या साहेबांनी त्यांच्या हातात एक उशी दिली. पांढरी, गुबगुबीत, प्लास्टिकच्या पिशवीत बंद. भाऊजींनी ती काखेत मारली, मान हलवली आणि जिथे पायरीच नव्हती तिथे पायरी उतरल्यासारखा पाय टाकला. सगळे हसले. मीही हसलो.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते बस चालवतात आणि मी त्याच डेपोत मेकॅनिक आहे, ब्रेक बघतो. मी त्यांना भाऊजी म्हणतो म्हणून हळूहळू सगळा डेपो त्यांना भाऊजी म्हणायला लागला, त्यांच्यापेक्षा वयाने मोठा असलेला गेटवरचा पहारेकरीसुद्धा. त्यांनी कधी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायची तर बोलावं लागतं, आणि बोलणं हा त्यांचा प्रांत नव्हे. लग्नानंतर आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा आईने विचारलं, भाजी कशी झालीय. त्यावर ते म्हणाले, "झालीय." आई पुढे कित्येक वर्षं या उत्तराचा अर्थ लावत बसली.

पण गाडी चालवावी तर त्यांनी. पहाटेची पहिली बस त्यांची. डोंगर चढून पलीकडच्या गावात उतरणारी, वळणावळणाची. त्या बसमध्ये इस्पितळातल्या नर्स असतात, शीतगृहात काम करणाऱ्या बायका असतात, कॉलेजची पोरं असतात, आणि निम्मी बस तरी झोपलेली असते. झोपलेल्या माणसाचं डोकं खिडकीवर आपटणार नाही अशा बेताने भाऊजी वळण घ्यायचे. ब्रेक असे लावायचे की ब्रेकचे झिजलेले लायनर बदलायला माझ्याकडे त्यांची गाडी क्वचितच यायची. मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला तो बहिणीमुळे नव्हे, त्या लायनरमुळे.

आता हे झोपेचं बक्षीस आलं कुठून ते सांगतो. दुसऱ्या एका डेपोच्या ड्रायव्हरला डुलकी लागली आणि बस दुभाजकावर चढली. कोणाला लागलं नाही, पण फोटो सगळीकडे फिरले. मग कंपनीने ठरवलं की ड्रायव्हरांची झोप मोजायची. प्रत्येकाच्या मनगटावर एकेक काळा पट्टा आला. रात्री तो घालून झोपायचं, सकाळी फोनमध्ये शंभरपैकी गुण दिसायचे, आणि तेच गुण आपोआप ऑफिसात पोचायचे. या सगळ्यावर देखरेख करायला एक तरुण साहेब नेमले. त्यांचं पद बरंच लांबलचक होतं. आम्ही त्यांना झोपसाहेब म्हणायचो.

झोपसाहेब मनाने वाईट नव्हते. स्वच्छ शर्ट घालायचे, प्रत्येकाशी हसून बोलायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी कँटीनमध्ये सगळं समजावून सांगितलं. हात हलला की पट्ट्याला कळतं. नाडी संथ झाली की तेही कळतं. हात स्थिर आणि नाडी संथ, म्हणजे माणूस झोपला. त्यात आणखी बारकावे होते, गाढ झोप, हलकी झोप, स्वप्नांची झोप, प्रत्येकीचा वेगळा रंग. फार सुंदर दिसायचं ते फोनवर. माझ्या मनात एकच शंका आली की माणूस नुसताच गप पडून राहिला तर? पण मी ब्रेकवाला, झोपेच्या भानगडीत कशाला पडू, म्हणून विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी झोपसाहेब हसून म्हणाले असते, की नुसतं गप कोण पडून राहतं?

आमच्या डेपोत एक ड्रायव्हर होता, त्याला तुफान म्हणायचे. हा माणूस कँटीनच्या बाकावर बसल्या बसल्या, पुढ्यातला चहा निवायच्या आत झोपायचा. पण झोपेत त्याची कुस्ती चालायची. हात झाडायचा, लाथा मारायचा, भिंतीला टक्कर द्यायचा. त्याची बायको दुसऱ्या खोलीत आतून कडी लावून झोपायची. पट्ट्याने पहिल्याच आठवड्यात निकाल दिला की हा माणूस झोपतच नाही. झोपसाहेबांनी काळजीने त्याला गाडीवरून उतरवलं आणि गाड्या धुवायच्या शेडमध्ये पाठवलं. तिथे तुफान पाण्याचा पाइप हातात धरून झोपायचा.

आणि भाऊजींचे गुण नव्वदीच्या खाली कधी आले नाहीत, म्हणून ती उशी त्यांना.

खरी गोष्ट मला कळली ती खड्ड्यात. खड्डा म्हणजे वर्कशॉपमधला, ज्याच्यावर बस उभी करून आम्ही खालून काम करतो. मी खाली होतो, वरून भाऊजींचे बूट दिसले. ते खाली बसले, मग चक्क खड्ड्याच्या पायऱ्या उतरून आत आले. गणवेश घातलेला ड्रायव्हर ग्रीसमध्ये उतरत नाही. मी पाना खाली ठेवला.

"आज वळणावर डोळा लागला माझा," ते म्हणाले.

"किती वेळ?"

"माहीत नाही. जाग आली तेव्हा चाक खडीवर होतं. पुढे बसलेल्या नर्सबाईंची पिशवी पडली. त्या म्हणाल्या, काय हो, आडवं कोणी आलं का? मी म्हणालो, हो."

भाऊजी खोटं बोलले होते, आणि चांगली चार वाक्यं सलग बोलले होते. मला भीती वाटली, खरं सांगतो. ते वळण मला माहीत आहे. तिथे खडीच्या पलीकडे काही नाही.

मग त्यांनी सांगितलं की त्यांना रात्री झोप लागत नाही. आजची गोष्ट नाही, फार दिवसांची आहे. पहाटे उठायच्या जरा आधी कुठे डोळ्याला डोळा लागतो, की गजर होतो. एवढी वर्षं निभावलं, आता वयाने निभत नाही. मी म्हणालो, "पण तुम्हाला तर बक्षीस मिळालं." म्हणालो आणि जीभ चावली.

त्यांना एकच हवं होतं. पहाटेची बस काढून घ्या, दुपारची द्या. एरवी लोक याच्यासाठी वशिले लावतात. भाऊजींनी सरळ झोपसाहेबांचं दार वाजवलं, आणि धीर द्यायला मला बरोबर नेलं.

झोपसाहेबांनी आदराने खुर्ची दिली, स्क्रीन आमच्याकडे फिरवली. निळ्या-जांभळ्या रेघा दिसत होत्या.

"भाऊजी, हे बघा. काल रात्रीचे एक्क्याण्णव. यातली गाढ झोपच एवढी आहे की मला हेवा वाटतो."

"साहेब, आकडा झोपत असेल. मी नाही झोपत."

"असं होतं कधी कधी. माणसाला वाटतं आपण जागे होतो, पण प्रत्यक्षात तो झोपलेला असतो. आपलं मन आपल्याला फसवतं. मशीनला मन नसतं ना."

"आज गाडीवर डोळा लागला माझा."

झोपसाहेबांचा चेहरा क्षणभर पडला. मग त्यांनी पुन्हा स्क्रीन पाहिली आणि तो परत वर आला. "एवढी झोप घेतलेल्या माणसाला डुलकी लागणं शक्य नाही. डोळ्यांवर ऊन आलं असेल. आणि खरं सांगू का, माझ्याकडे सगळ्यात सुरक्षित ड्रायव्हर तुम्ही आहात. तुम्हालाच पहाटेवरून काढलं तर डोंगरावर पाठवू कोणाला?"

आमच्याकडे पूर्वी एक बस होती, तिचा डिझेलचा काटा कायम टाकी भरलेली दाखवायचा. ती एकदा भर चढावर बंद पडली आणि प्रवाशांनी ढकलून कडेला घेतली. चौकशीत काट्याला कोणी काही विचारलं नाही. ड्रायव्हरला मात्र विचारलं, की टाकी भरलेली असताना गाडी बंद पाडलीच कशी. मला ती बस आठवली, पण झोपसाहेबांच्या खोलीत मी तोंड उघडलं नाही.

डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी फोनवरचा आलेख बघितला आणि स्वतःच्या मनगटावरचा तसलाच पट्टा दाखवून म्हणाले, मला साठीच्या वर कधी मिळत नाहीत, तुम्ही काय करता ते मला सांगा. भाऊजींनी फी दिली आणि बाहेर पडले.

आता उरली ताई. भाऊजींनी तिला आधी कधी सांगितलं नव्हतं, तेव्हा माझ्यादेखत सांगितलं. ताईने हात पुसले आणि त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं लहान मूल पोट दुखतंय म्हणून शाळा चुकवायला बघतं तेव्हा बघतात. म्हणाली, "काहीतरीच तुमचं. रात्रभर ओंडक्यासारखे पडलेले असता. कूससुद्धा बदलत नाही. मी बघते ना."

मी बघते ना, असं ती म्हणाली. आणि मी, भाऊजी, ताई, आम्ही तिघंही अक्कल गहाण टाकल्यासारखे माना हलवत बसलो.

त्यानंतर भाऊजींना एकाच गोष्टीने पछाडलं. पट्टा खोटा आहे हे सिद्ध करायचं. रोज पहाटे डोंगर चढायचा होता आणि रोज त्यांना तेच वळण लागायचं होतं. वळणाच्या अलीकडे ते खिडकी उघडत, कानाची पाळी नखाने दाबत, गार पाण्याची बाटली मानेवर धरत. थंडीने मागचे प्रवासी कुरकुर करायचे. घरी आले की पट्टा काढून त्याच्याकडे बघत बसायचे, आणि शेवटी त्यांना एक युक्ती सुचली. ताईला म्हणाले, आज रात्री तू घाल. ज्याला खरोखर गाढ झोप लागते त्याला किती गुण मिळतात ते बघू. तुझे आणि माझे सारखेच आले तर साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवतो.

दुसऱ्या दिवशी त्यांची साप्ताहिक सुट्टी होती. मी त्यांच्या ओट्याचा गळका नळ दुरुस्त करायला गेलो होतो. भाऊजींनी फोन उघडला आणि मला दाखवला. त्र्याण्णव.

"बघ," ते मला म्हणाले, "मी टक्क जागा तर एक्क्याण्णव, आणि ही डाराडूर झोपली तर त्र्याण्णव. दोनाचा फरक."

ताई आमच्याकडे पाठ करून भाजी चिरत होती. ती म्हणाली, "डाराडूर कोण झोपलं?"

"तू."

"मी कुठे झोपले? जागीच होते की."

भाऊजींनी फोन खाली ठेवला. "नवीन पट्टा म्हणून झोप आली नसेल."

"पट्ट्याचं काय घेऊन बसलात. माझी झोप कधीच गेलीय. पोरगी सासरी गेली त्याच्याही आधी."

"मग हलली का नाहीस?"

"हलले तर तुम्ही उठाल. पहाटे डोंगरात गाडी न्यायची असते तुम्हाला, माणसं असतात गाडीत. आणि हा पलंग जरा कुठे हललं की बोंब मारतो. म्हणून पडून राहते आपली भिंतीकडे तोंड करून. मध्येच वळून बघते, तुम्ही छान झोपलेले असता. बरं वाटतं."

भाऊजींनी फोन पालथा घातला. मग म्हणाले, "तुझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिची झोप मोडू देऊ नका."

"अहो, ते टाके निघून किती वर्षं झाली."

"कधीपर्यंत मोडू द्यायची नाही, ते नव्हतं सांगितलं त्यांनी."

मी नळाखाली वाकलेला होतो, तिथेच वाकून राहिलो. एका पलंगावर दोन माणसं, एक छताकडे बघत, एक भिंतीकडे बघत, दोघांची झोप उडालेली, आणि दोघंही एकमेकांच्या झोपेला जपत श्वाससुद्धा बेताने घेत होती. वर्षानुवर्षं. ताई सुरी ठेवून खुर्चीत बसली. आधी हसली, मग रडायला लागली. भाऊजींना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी माझी पान्यांची पिशवी उचलून उगाच इकडून तिकडे ठेवली. मला माझ्या बहिणीची इतकी दया आली आणि इतका रागही आला की मी म्हणालो, घरात मेकॅनिक असताना पलंग कुरकुरतो हे मला कोणी सांगितलं का नाही, आत्ता आवळून देतो. दोघं एकदम म्हणाली, "नको."

पुढचं मला ताईकडून कळलं. आता पलंग वाजला की दुसरं माणूस विचारतं, "जागी आहेस?" किंवा "जागे आहात?" मग बोलतात. लेकीबद्दल, शेजारच्यांबद्दल, त्या भाजीबद्दलसुद्धा, जी भाऊजींना तेव्हा मुळीच आवडली नव्हती. कधी उठून दूध गरम करून पितात. आणि बोलता बोलता कधी झोप लागते ते दोघांनाही कळत नाही. भाऊजी म्हणे आता झोपेत कुशीवर वळतात, पांघरूण ओढतात, हात कुठेही टाकतात. एकदा ताईच्या नाकावर पडला. ती हे तक्रारीच्या सुरात सांगत होती, पण तिचा चेहरा दहा वर्षांनी लहान दिसत होता.

भाऊजी वर्कशॉपमध्ये आले तरी कळायचं. डोळ्यांखालच्या पिशव्या गेल्या. डोंगरावर खिडक्या बंद राहायला लागल्या. एक दिवस त्यांनी पहारेकऱ्याला विनोद सांगितला. तो बिचारा दिवसभर त्याच धक्क्यात होता.

आणि मग झोपसाहेबांचं बोलावणं आलं. या वेळीही मी बरोबर गेलो.

"भाऊजी, मी तुमची माफी मागतो," झोपसाहेब म्हणाले, आणि खरोखर मनापासून म्हणाले. "तुमची तक्रार आम्ही गांभीर्याने घेतली आहे. गुण अठ्ठेचाळीसवर आलेत. रात्रभर हालचाल, नाडी वरखाली, मध्येच उठणं. तुम्ही तेव्हा सांगत होतात, मी ऐकलं नाही. आजपासून पहाटेची बस बंद. दुपारची घ्या."

"साहेब, आता मला झोप लागते."

"तसं वाटतं माणसाला."

"नाही साहेब, खरंच लागते. तेव्हा नव्हती लागत."

झोपसाहेबांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत खरी माया होती. रात्रभर जागलेला माणूस डोंगरावर पाठवून ते निवांत राहिले आणि रात्रभर झोपलेल्या माणसाच्या काळजीने व्याकूळ झाले, पण मायेत खोट नव्हती. भाऊजींनी विचार केला आणि म्हणाले, "बरं." मागितलं होतं तेच मिळालं होतं. बाहेर आल्यावर मी म्हणालो, चला, सुटलात. ते म्हणाले, "पहाटेची कोणाला दिली?"

पहाटेची दिली होती लंबूला. इतका उंच की स्टिअरिंगला गुडघे लागायचे. भला माणूस, हात चांगला. त्याला नुकतीच पहिली मुलगी झाली होती आणि तो ज्याला त्याला फोनवर तिचे फोटो दाखवत फिरायचा. त्याचे गुण होते चौऱ्याण्णव, डेपोत सगळ्यांत जास्त. पुढची उशी त्यालाच मिळाली. पुन्हा टेबलं सरकवली, पुन्हा टाळ्या झाल्या. या वेळी मी हसलो नाही, कारण माझ्या शेजारी उभे असलेले भाऊजी लंबूकडे टक लावून बघत होते.

दुसऱ्या दिवशी नळावर लंबू तोंड धूत होता. धुतलं, पुसलं, पुन्हा धुतलं. मग त्याने कानाची पाळी नखाने दाबली. भाऊजी त्याच्याजवळ गेले. मी हात धुवायला थांबलो होतो.

"तू रात्री हललास तर घरी कोण उठतं?" त्यांनी विचारलं.

लंबूने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मुलगी," तो म्हणाला. "खाली ठेवली की रडते. माझ्या छातीवरच झोपते. बायको दिवसभर तिच्यामागे दमलेली असते, तिला किती उठवू? म्हणून मी आपला पडून राहतो."

"साहेबांना सांगितलंस?"

"काय सांगू? ते उशी देतायत."

भाऊजी नळावरून तसेच झोपसाहेबांकडे गेले. ज्या वेगाने गेले त्याच वेगाने परत आले. मला एवढंच म्हणाले, "चौऱ्याण्णव."

दुसऱ्या दिवशी पहाटे मला एका गाडीचा ब्रेक बघायला लवकर बोलावलं होतं. पहिली बस गेटमधून बाहेर पडत होती. लंबू स्टिअरिंगवर होता. त्याच्या मागच्या पहिल्या सीटवर, नर्सबाईंच्या शेजारी, साधा शर्ट घातलेले भाऊजी बसले होते. अंगात गणवेश नाही, ड्युटी दुपारची.

तेव्हापासून ते रोज जातात. डोंगर चढून उतरतात, पलीकडे चहा पितात, त्याच बसने परत येतात आणि दुपारी आपल्या कामावर चढतात. रात्री उशिरा कामावरून सुटून पुन्हा इतक्या पहाटे उठल्यामुळे त्यांचे गुण चाळिशीच्याही खाली गेलेत आणि झोपसाहेब त्यांच्यासाठी कुठला तरी श्वासाचा व्यायाम शोधतायत. मी एकदा त्या बसने गेलो. लग्नाच्या पंगतीत न बोललेला हा माणूस, आईला एका शब्दात गार करणारा, पुढे वाकून लंबूशी अखंड बोलत होता. मुलीला दात कधी येतील, बायकोच्या आईला बोलावून घे, पलंग कुरकुरतो का, कुरकुरू दे, मी एकदा काय झालं सांगतो तुला. मागची निम्मी बस झोपलेली होती.

त्यांच्या डोक्यावर कंपनीची पाटी आहे. चालत्या गाडीत चालकाशी बोलू नये. तिच्याखाली बसून भाऊजी बोलत असतात, आणि डोंगर उतरेपर्यंत थांबत नाहीत.